दहावीतल्या मुलीच्या खोलीची कडी काढली, आता काय?

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असते, पण आज धागा काढायची वेळ आली. विषय बाहेरून बघितला तर हसाल. आमच्या घरात गेले तीन आठवडे एका कडीवरून महाभारत चालू आहे.

मुलगी १५ ची, दहावीत. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, टू बीएचके फ्लॅट, घरात मी, नवरा, लेक आणि माझे सासरे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, वय ७६. आधी आम्ही गावभागात जुन्या घरात होतो, २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालचा मजला सगळा गेला, परत २०२१ ला पाणी आलं आणि मग आम्ही तिथून उठलोच. आप्पांना हा फ्लॅट अजून घर वाटत नाही ते सोडा.

तर लेक गेल्या वर्षापासून खोलीचं दार आतून लावून बसते. आधी अभ्यासाला लावायची, मग जेवून आली की लावायची, मग शाळेतून आली की थेट. आप्पांना ते अजिबात चालत नाही. त्यांचं एकच, "आमच्या घरात दिवसा दाराला कडी लागली ती फक्त बाळंतिणीच्या खोलीला." सहामाहीला गणितात कमी पडले त्या दिवशी ती आत गेली आणि कडी लावली. आप्पांनी चहाला हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवलं, उत्तर नाही. पंधरा मिनिटं वाजवत होते, कानात हेडफोन असल्याने तिला पत्ताच नाही. मी ऑफिसात, नवरा दुकानात. पेपरात काय काय येतं तुम्हाला माहितीच आहे, आप्पांच्या डोक्यात नको नको ते आलं. शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी खांदा मारून दार उघडलं तर ही कॉटवर पालथी पडून मोबाईल बघतीये. सगळ्या मजल्यावरची माणसं दारात. ती ओरडली, आप्पा ओरडले, आप्पांचा बीपी वाढला.

संध्याकाळी नवऱ्याने एक शब्द न बोलता स्क्रूड्रायव्हर आणला आणि कडी काढून टाकली.

आता ती बाथरूममध्ये जाऊन बसते. तासतासभर. तिथे कडी आहे.

कोण बरोबर ते विचारत नाहीये. पुढे काय करू ते सांगा.

भडंग_भक्त (रविवार, रात्री ११:५२)

पहिला प्रतिसाद माझा! ताई बाथरूमची कडी काढू नका म्हणजे झालं, नाहीतर सगळ्या घराचाच प्रश्न होईल.

बाकी सिरीयसली, वाचून वाईट वाटलं. जाणकार येतीलच.

यवतेश्वर (सोमवार, सकाळी ६:१०)

मी निवृत्त शिक्षक, सातारा. ३४ वर्षं पोरं हाताळली आहेत म्हणून दोन शब्द स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पंधरा वर्षांच्या मुलीला कडी लागतेच कशाला? आम्ही बोर्डिंगात शिकलो, एका हॉलमध्ये चाळीस पोरं, एका पेटीत सगळा संसार, पेटीला कुलूप लावलं तर रेक्टर विचारायचे काय चोरून आणलंय. पहाटे साडेचारला घंटा, झाडलोट, शेतात काम, मग शाळा. "कमवा आणि शिका" आम्ही प्रत्यक्ष जगलोय. आमच्यातल्या कुणाला डिप्रेशन नव्हतं. वडील वर्षातून दोनदा भेटायला यायचे, काय म्हणायचे, "बरं हाय का, पैसं पुरतात का", बास. त्यात आमचं भलंच झालं.

आत्ताच्या पोरांना सगळं मिळतं, म्हणून काहीच पुरत नाही. आजोबांचं चुकलं काय? नातीच्या काळजीने दार वाजवलं. वडिलांनी कडी काढली ते योग्य केलं. चार दिवस फुगेल, सरळ होईल.

बॅकलॉग_किंग (सोमवार, दुपारी १:२०)

सर आदर आहे पण "आमच्यातल्या कुणाला डिप्रेशन नव्हतं" हे तुम्हाला कसं माहित? कुणी विचारलं होतं का? वर्षातून दोनदा येऊन पैसे पुरतात का विचारणाऱ्या वडिलांना कोण सांगणारे की रात्री रडू येतं म्हणून.

मी १९ चा आहे, इंजिनिअरिंग सेकंड इयर, सांगलीतलाच. माझी केस सांगतो. अकरावीत माझ्या बापाने माझ्या मोबाईलवर लोकेशनवालं ॲप टाकलं. मी कुठे आहे ते त्यांना दुकानात बसून दिसायचं. मग मी काय केलं, अभ्यासिकेत मित्राच्या बॅगेत मोबाईल ठेवायचा आणि त्याची सायकल घेऊन हरिपूरला संगमावर जाऊन बसायचं. तिथे बसून काय करायचो? काही नाही. पाणी बघायचो. वारणा कुठे संपते आणि कृष्णा कुठे सुरू होते ते बघायचो. बापाला दोन वर्षं वाटलं पोरगं अभ्यासिकेत बसलंय, आणि बारावीला मार्क पडले तेव्हा ते खरंच गोंधळले होते बिचारे, म्हणाले अरे तू तर रोज सहा तास बसायचास. म्हणजे त्यांच्याकडे माहिती सगळी होती, फक्त ती माझ्या मोबाईलची होती.

काकू तुमच्या मुलीचं पण तेच होणार. कडी काढली, बाथरूम सापडलं. बाथरूम बंद केलं तर टेरेस सापडेल. आणि टेरेस बाथरूमपेक्षा वाईट जागा आहे एवढंच बोलतो.

कृष्णाकाठची (सोमवार, दुपारी २:०५)

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. ती तशी नाहीये. पण "तशी नाहीये" म्हणणारी मी पहिली आई नसणार हेही कळतंय.

यवतेश्वर (सोमवार, दुपारी ३:३०)

@बॅकलॉग_किंग, बाळ, बारावीला तू संगमावर बसलास हा दोष ॲपचा का तुझा?

बॅकलॉग_किंग (सोमवार, दुपारी ३:३४)

माझाच सर. पण ॲप नसतं तर निदान बापाला माहीत असतं.

प्रीतिसंगम (सोमवार, रात्री ९:१५)

मी कराडला शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी महत्त्वाचं. ताई, खोलीत बसणं, चिडणं, आईबापांपेक्षा मैत्रिणी जवळच्या वाटणं हे पंधराव्या वर्षी नॉर्मल आहे. पण झोप आणि जेवण पार बिघडलं असेल, आधी जे आवडायचं (चित्रं, खेळ, मालिका काहीही) ते सगळं सुटलं असेल, मैत्रिणींशीपण बोलणं बंद असेल, "माझा काही उपयोग नाही", "मी नसले तर बरं" असलं काही बोलत असेल, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. थेट मानसोपचारतज्ज्ञ. आणि तिला सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्याने डोक्यात येतं हा आपला गैरसमज आहे, उलट पोरं मोकळी होतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा, केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलाय, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि पालकांनीही फोन केलेला चालतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश १४ व्या वर्षाआधी आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू झालेले असतात आणि बहुतेक कुणाच्या लक्षातच येत नाहीत. सर, तुमच्या बोर्डिंगातही ते असणार, नाव नव्हतं इतकंच.

आता बॅकलॉग_किंगने जे सांगितलं त्याबद्दल. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि कर या दोघांनी २००० साली एक अभ्यास छापला होता, सुमारे ७०० चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप. तोपर्यंत सगळे म्हणायचे की ज्या पालकांना मुलांची खडानखडा माहिती असते त्यांची मुलं कमी बिघडतात, म्हणून पालकांनी लक्ष ठेवावं. या दोघांनी विचारलं की पण ही माहिती पालकांना येते कुठनं? तर उत्तर निघालं की मुलं स्वतःहून सांगतात म्हणून. नियम लावून, विचारपूस करून मिळणारी माहिती त्यामानाने थोडीच. आणि ज्या मुलांना आपल्यावर फार कंट्रोल आहे असं वाटत होतं ती जास्त सुखात नव्हती. पुढे यावर बरेच वाद झाले, पण मला रोजच्या कामात तेच दिसतं. पोरगं सांगतंय तोवर तुम्हाला कळतंय.

पोवईनाका_ते_पुणे (सोमवार, रात्री ९:४०)

उत्तम प्रतिसाद. पेरेंटिंगचे चार प्रकार असतात ना, एक कडक, एक लाड करणारे, एक लक्षच न देणारे आणि एक बरोबरवाले? आमच्या सोसायटीत एक सेशन झालं होतं, तक्ता दिला होता. मी आणि बायकोने भरला, दोघांनीही स्वतःला बरोबरवाल्यात टाकलं आणि एकमेकांना कडकमध्ये.

प्रीतिसंगम (सोमवार, रात्री १०:२०)

हाहा, सगळे तेच करतात. त्यातले तीन डायना बॉमरिंड या अमेरिकन बाईंनी साठच्या दशकात मांडले, चौथा, लक्ष न देणारा, १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी वेगळा काढला. इंग्रजी नावांत पण गंमत आहे, ऑथॉरिटेरियन म्हणजे हुकूमशहा आणि ऑथॉरिटेटिव्ह म्हणजे ते बरोबरवाले, दोन्ही सारखीच ऐकू येतात, अर्ध्या पालकसभेला वाटतं मी एकच शब्द दोनदा म्हणतेय. मी सोपं करून सांगते की दोन गोष्टी मोजायच्या. धाक किती आणि माया किती. धाक आहे माया दिसत नाही तो एक. माया आहे धाक नाही तो दुसरा. दोन्ही नाही तो तिसरा. दोन्ही आहे तो चौथा.

पण तक्ता घरी लावताना जपून. बॉमरिंडबाईंनी पाहिलेली मुलं कॅलिफोर्नियातली, बालवाडीच्या वयाची, बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली. १९९४ साली रूथ चाओ या संशोधक बाईंनी दाखवलं की चिनी घरातली कडक शिस्त त्या तक्त्यात हुकूमशाही म्हणून मोजली जाते, पण त्या घरात तिचा अर्थ वेगळा असतो, वळण लावणं, काळजी घेणं, जवळ असणं सगळं त्यात आलं. आपल्याकडे "वळण" हा शब्द आहेच की. "जेवलीस का" हा आपल्या आजीआजोबांचा एकमेव प्रश्न असतो आणि त्यात "बरी आहेस का, काय झालंय, मी आहे" सगळं कोंबलेलं असतं. फक्त पंधरा वर्षांच्या पोरीला तो प्रश्न पोळीभाजीचा वाटतो.

यवतेश्वर (मंगळवार, सकाळी ६:०५)

मॅडम, तुम्ही चिनी बाईपर्यंत गेलात, साताऱ्यातलं उदाहरण मी देतो. रात्री विचार करत होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची, म्हणजे अण्णांची शिस्त सगळ्यांना माहीत आहे. पण त्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्र सुद्धा. पोरं अण्णांना घाबरायची आणि लक्ष्मीबाईंपाशी रडायची. तुमच्या तक्त्यात हे दोन्ही एका माणसात पाहिजे असं आहे का, घरात मिळून असलं तर चालतं?

कडीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

प्रीतिसंगम (मंगळवार, सकाळी ८:३०)

सर काय प्रश्न विचारलात! घरात मिळून असलं तरी खूप झालं. अडचण कुठे येते, एकजण धाक आणि एकजण माया अशी वाटणी झाली की पोरं मायेवाल्याला "बाबांना सांगू नको" या कटात ओढतात, आणि धाकवाला माणूस घरात पाहुण्यासारखा होतो. तरी निदान एकाकडे तरी रडायला जागा असते, ती हवीच.

खोडवा (मंगळवार, रात्री ९:५०)

वाचतोय दोन दिवस झालं. मी वाळवा तालुक्यातला, ऊस हाय, थोडी द्राक्षं होती ती काढली. शिकल्याली लोकं लिवत्यात म्हणून गप होतो पण आज लिवतो.

माझ्या बापानं मला कासऱ्यानं मारल्यालं हाय, बैल सुटला म्हणून. मी ठरवल्यालं आपल्या पोरावर हात उचलायचा न्हाई आणि आजपातूर उचलला न्हाई. मला वाटायचं मी लय भारी बाप हाय. पोरगं दहावीला ८८ टक्के, सायन्स घेतलं, नीटचा क्लास लावला इस्लामपुरात, फी ऊसाच्या बिलातनं भरली. दिवाळीत त्याचं मार्क आलं, कमी आलं. मी काय वरडलो न्हाई. जेवताना फक्त येवढंच म्हणलो की बाळा, तुझ्या फीत दोन एकराचा ऊस गेलाय. बास. येवढंच. त्या दिवसापास्नं पोरगं आमच्यात जेवत न्हाई, ताट घिऊन माडीवर जातंय. आई म्हणती तू काय चुकीचं बोललास, खरंच तर बोललास.

मला कळंना की मारल्यालं मी इसरलो आणि हे ह्यो कसा इसरंना.

आजीबाईचा_बटवा (मंगळवार, रात्री १०:१५)

खोडवा दादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो.

प्रीतिसंगम (मंगळवार, रात्री १०:४०)

खोडवा दादा, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे.

आमच्या कामात यात फरक करतात. वागण्यावर नियंत्रण, म्हणजे नऊला घरी ये, रात्री मोबाईल बाहेर ठेव, हे मुलं कुरकुरत का होईना पचवतात. मनावर नियंत्रण, म्हणजे "तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं", "तुझ्यामुळे आईचा बीपी वाढतो", अबोला धरणं, शेजारच्या मुलीशी तुलना, हे आत जाऊन बसतं. मार तर वाईटच, समर्थन करत नाहीये. पण तुम्हाला मार पडला तेव्हा चूक बैलाची होती, तुम्ही उठून खेळायला गेलात. तुमच्या मुलाला वाटलं की आपणच दोन एकर खाल्लं, आणि ते तो ताटात परत कसं ठेवणार? शिवाय नीटला बसणारी मुलं २३ लाखाच्या वर आणि एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या जरा पुढे (२०२४ चा हिशेब), म्हणजे हुशार पोरांतही बहुतेक बाहेरच राहणार. हे गणित त्याला क्लासमध्ये रोज दिसत असणार, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

तुम्ही त्याला सरळ सांगा, तो ऊस मी तुझ्यावर उधार दिलेला नाही, बियाणं म्हणून टाकलाय, उगवण कमी झाली तर शेतकरी बियाण्याला बोल लावत नाही. माझ्या शब्दांत नको, तुमच्या भाषेत सांगा.

खोडवा (मंगळवार, रात्री १०:५५)

बघतो. आमच्यात असलं बोलायची सवय न्हाई. पण बघतो.

भडंग_भक्त (बुधवार, सकाळी ११:००)

अवांतर: मागच्या वर्षी की त्याआधी सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवा म्हणून काढलं होतं, पोरांची झोप व्हावी म्हणून. चांगलंच आहे. पण आमच्या घरात सहा वर्षांचं पोरगं साडेसहाला आपोआप उठून नाचतं आणि सोळा वर्षांची पोरगी पहाटे साडेपाचच्या क्लासला अर्धी झोपेत जाते. उलटं झालंय का काही?

प्रीतिसंगम (बुधवार, दुपारी १२:१०)

अवांतर नाहीये ते. वयात आल्यावर झोप यायची वेळ शरीरातच पुढे सरकते, आळस नाही तो. अकराच्या आत डोळा लागत नाही आणि झोप तर ८ ते १० तास हवी असते. पहाटे साडेपाचचा क्लास म्हणजे त्यांच्यासाठी मध्यरात्र. अर्धी चिडचिड तिथेच आहे, आणि आजोबा नेमके त्याच वेळेला देवपूजा करून फ्रेश असतात.

आजीबाईचा_बटवा (बुधवार, दुपारी ४:२०)

मी पाटण तालुक्यातली आता लेकाकडे साताऱ्यात असते वय ६८ टायपिंग सुनेने शिकवलं चुका समजून घ्या, कृष्णाकाठची तुझं सगळं वाचलं पोरीचं वाचलं आप्पांचं वाचलं एक विचारू का राग येऊ देऊ नकोस, तुमचा टू बीएचके आहे म्हणजे खोल्या दोन, एक तुमची नवराबायकोची, एक लेकीची, मग आप्पा झोपतात कुठे?

कृष्णाकाठची (बुधवार, संध्याकाळी ६:३५)

आजी, हा प्रश्न मला तीन आठवड्यांत कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःला पण नाही.

आप्पा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. आधी ती खोली त्यांची होती. नववी संपली तेव्हा आम्हीच म्हणलं, दहावी आहे, तिला शांतता पाहिजे. ते लगेच हो म्हणाले, स्वतःच गादी उचलली. मला वाटलं त्यांना काही वाटलं नाही.

आजीबाईचा_बटवा (बुधवार, संध्याकाळी ७:१०)

वाटतं गं, म्हातारी माणसं बोलत नाहीत, बोलून काय उपयोग असं वाटतं, हॉलमध्ये झोपणारा माणूस सगळे झोपल्याशिवाय झोपू शकत नाही आणि सगळ्यांच्या आधी त्याला उठावं लागतं कारण दूधवाला येतो पेपरवाला येतो, दुपारी लवंडावं तर कुणीतरी येतं आणि लुंगी सावरत उठावं लागतं, मी पण हॉलमध्येच असते म्हणून सांगते, सून चांगली आहे तक्रार नाही, पण दार लावून तासभर पडावं असं मलापण वाटतं, नुसतं पडावं, कुणी बघत नाही असं, आप्पांना कडीचा राग नसेल गं कडी आपल्याला नाही याचा असेल, गावभागातल्या घरात त्यांना ओसरी होती माजघर होतं परसू होतं, दाराला कडी लागत नव्हती कारण बसायला दहा जागा होत्या.

बॅकलॉग_किंग (बुधवार, संध्याकाळी ७:१५)

आजी 🙏

पोवईनाका_ते_पुणे (बुधवार, रात्री ८:००)

हा धागा वाचून बायकोला फोन केला. आमच्याकडे पण आई हॉलमध्ये आहे.

यवतेश्वर (बुधवार, रात्री ९:२०)

मी माझ्या खोलीत एकटाच असतो. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात, दर रविवारी फोन येतो, तीन मिनिटं. "जेवलास का", "हो, तुम्ही?" "हो." झालं. दार उघडंच असतं. वर मॅडमनी त्या प्रश्नाबद्दल लिहिलंय ते दोनदा वाचलं.

कृष्णाकाठची, कडी लावू द्या. रात्री मोबाईल मात्र बाहेर, घरातल्या सगळ्यांचे. यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठची (बुधवार, रात्री १०:००)

सर, मुलाला एकदा मंगळवारी फोन करून बघा.

बॅकलॉग_किंग, तू आईशी बोलायचास का? म्हणजे कधी सुरू केलंस?

बॅकलॉग_किंग (बुधवार, रात्री ११:४५)

आई क्लासला सोडायची ॲक्टिव्हावर, बारावीला लोकेशनचा घोळ उघडा पडल्यावर. समोरासमोर बसवून "बोल ना, काय होतंय" म्हणली की माझी वाचाच जायची. पण गाडीवर ती पुढे मी मागे, तोंड दिसत नाही, हेल्मेट आहे, वाऱ्यात अर्धं ऐकू जात नाही, त्यामुळे काहीपण बोलता येतं. पुष्पराज चौकात सिग्नलला थांबलो होतो तेव्हा मी म्हणलं, आई मला रोज सकाळी उठल्या उठल्या भीती वाटते. ती मागे वळली नाही. फक्त म्हणली, "बरं. अजून एक राउंड मारू का?" आणि क्लास सोडून मिरज रोडने पार पुढे जाऊन परत आलो. नंतर डॉक्टरकडे पण तीच घेऊन गेली. तिने त्या वेळी वळून बघितलं असतं ना, तर मी "काही नाही, चल" म्हणलो असतो.

खोडवा (गुरुवार, सकाळी ५:४०)

पाणी पाजाय गेल्तो रात्री, लाईट रात्रीचीच असती. पोराला म्हणलं चल बॅटरी धर. आला. अंधारात तोंड दिसत न्हाई ते खरं हाय. मी म्हणलो त्या दोन एकराचं मी चुकून बोललो. तो काय बोलला न्हाई. मग बऱ्याच येळानं म्हणला, बाबा, हिकडची सरी भरली.

प्रीतिसंगम (गुरुवार, सकाळी ९:००)

दादा, बोलला की.

भडंग_भक्त (१६ दिवसांनी, शनिवार, सकाळी १०:३०)

धागा वर काढतोय. कृष्णाकाठची ताई, काय झालं पुढे? आम्ही इकडे भडंगाची पुडी फोडून बसलोय.

कृष्णाकाठची (शनिवार, रात्री ११:१५)

सॉरी, पूर्वपरीक्षेची गडबड होती. सांगते.

आधी लेकीला गाडीवर घेतलं. बॅकलॉग_किंग, आयडिया तुझी. पहिले तीन दिवस फक्त "पेट्रोल संपत आलंय" इतकंच बोलली. चौथ्या दिवशी गणपती मंदिरापाशी म्हणाली की दार उघडलं तेव्हा शेजारच्या काकांनी आत बघितलं, मी घरातल्या टीशर्टवर होते, आणि बाबांनी त्यांना काहीच न बोलता माझी कडी काढली. म्हणजे तिचा राग आप्पांवर नव्हताच, बाबांवर होता. मला हे डोक्यातपण आलं नव्हतं. मी प्रीतिसंगम ताईंनी सांगितलेला प्रश्न पण विचारला, सरळ. हात थरथरत होते हँडलवर. ती म्हणाली, "नाही गं आई, फक्त कुठेतरी जाऊन बसावंसं वाटतं." तरी एकदा डॉक्टरांना दाखवून आलो, अजून दोनदा जायचंय.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मी काय परक्याला आत येऊ दिलं होतं का, मी तर दुकानात होतो. दोन दिवस माझ्याशीपण धड बोलला नाही. मग रविवारी परत स्क्रूड्रायव्हर आणला, जुनी भोकं मोठी झाली होती म्हणून नवी पाडली, आणि कडी अशी तिरकी बसलीये की लावायला दार जरा उचलून धरावं लागतं. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही. पण तिने कडी लावून बघितली तेव्हा बाहेर उभा होता, विचारत होता, "लागते का? लागते का नीट?"

मोबाईलचं यवतेश्वर सरांचं ऐकलं. रात्री साडेदहाला चौघांचे मोबाईल फ्रिजवर. सगळ्यात जास्त त्रास नवऱ्याला होतोय.

आणि आप्पा. आजी, तुमचं म्हणणं मी त्यांना वाचून दाखवलं नाही, धीर नाही झाला. फक्त म्हणलं की ती शाळेत जाते तेव्हा खोली रिकामीच असते, दुपारी जेवण झालं की तुम्ही तिथेच पडत जा, तुमचीच खोली आहे ती. आधी नको नको म्हणाले. आता रोज जातात. एक ते चार. लेकीची शाळा परवा लवकर सुटली, घरी आली, दार वाजवलं, उत्तर नाही. मला ऑफिसात फोन करून रागारागाने सांगत होती, "आई, आप्पांनी आतून कडी लावलीये आणि उघडतच नाहीयेत!"

मी म्हणलं हाक मारून बघ.

म्हणाली, "मारली. 'कोण आहे' म्हणाले, मी आहे म्हणलं, तर म्हणतात थांब, चार वाजू देत."